करार घरमालकाने टाळायचा आणि शाळा लेकराची जायची?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

भोसरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत मिळणाऱ्या मोफत जागांचे, अर्ज सुरू झाले की सकाळपासून आया रांगेत उभ्या असतात, कारण फॉर्म भरताना नकाशावरचा तो लाल बलून नेमका आपल्या घरावर आणून ठेवणं मोबाइलवर सगळ्यांना जमत नाही. मागे एक बाई आल्या होत्या, एमआयडीसीत पॅकिंगला जातात. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा पिंपळ. त्याच्या मागं आमची लाइन, तिसरी खोली." बलून तिथे ठेवला. शाळा एक किलोमीटरच्या आत आली, म्हणजे पहिला प्राधान्यक्रम. पुढे लॉटरीत मुलीचा नंबरही लागला.

पडताळणीत पत्त्याच्या पुराव्यावरून अर्ज बाद झाला. रेशनकार्ड लातूरकडच्या औसा तालुक्यातल्या गावचं, आधारही तिथलंच. इथला भाडेकरार होता, पण स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला. नियमाला दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, अकरा महिन्यांचा किंवा जास्तीचा आणि अर्जाच्या आधीचा करार लागतो. बाई घरमालकाकडे गेल्या. तो म्हणाला, "करार-बिरार आपण करत नसतो. पटत नसेल तर खोली खाली करा."

त्याचं कारण मला ठाऊक आहे. इथे अर्ध्या गुंठ्यात आठ-आठ खोल्या उभ्या आहेत. बांधकामालाच परवानगी नाही, तर कागदावर सही कोण देणार? शिवाय भाडेकरू उद्या हक्क सांगेल ही भीती असतेच.

पण साहेब, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ एकदा काढून बघा. भाडेकरार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीही मालकालाच. इतकंच नाही, नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. म्हणजे एक कायदा त्या बाईंचा शब्द धरतो आणि तुमच्या खात्याच्या सूचना तोच शब्द मोडीत काढतात. चूक मालकाची, शिक्षा सहा वर्षांच्या मुलीला.

खोटे पत्ते देऊन जागा लाटणारे आहेत, हे मला मान्य आहे. माझ्याच दुकानात येतात, नाकबूल कशाला करू? गेल्या वर्षी एक गृहस्थ गाडी समोर उभी करून आले. मित्राच्या रिकाम्या फ्लॅटचा नोंदवलेला भाडेकरार, शिक्के जिथल्या तिथे, उत्पन्नाचा दाखला लाखाच्या आतला. कागदात नाव ठेवायला जागा नव्हती. पालिकेच्या हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, वर थोडी स्टॅम्प ड्यूटी, आणि अंगठ्याचा ठसा घ्यायचं मशीन घेऊन एजंट घरी येतो. ज्याला खोटं करायचंय त्याला हे सोपं आहे. अडतो तो खरोखर खोलीत राहणारा.

वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ म्हणतं. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचे प्रवेश होतील हे बघणं कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकलंय. पत्त्याच्या बाबतीत मात्र आपण मुलाला गावाकडे पाठवतो. गंमत बघा, 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे औशाच्या त्याच कार्डावर बाईंना भोसरीत धान्य मिळतं. त्यासाठी त्या इथल्या रहिवासी आहेत, शाळेसाठी नाहीत.



मागणी साधी आहे. मूल कुठे राहतं हे दुय्यम निबंधकापेक्षा अंगणवाडी सेविकेला जास्त चांगलं माहीत असतं. तिच्या नोंदवहीत मुलाचं नाव असतं, हजेरी असते, वजन असतं. नोंदवलेला करार नसेल तिथे अंगणवाडीची नोंद किंवा लसीकरणाचं कार्ड घ्या आणि पडताळणी समितीतल्या एकाला त्या खोलीपर्यंत पाठवा. दारात उभं राहून दोन शेजाऱ्यांना विचारलं की पाच मिनिटांत कळतं. हाच माणूस त्या रिकाम्या फ्लॅटवरही पाठवा. खोट्या पत्त्यावर फौजदारी कारवाईची तंबी सूचनांमध्ये आहेच, ती तिथे वापरा.

पुढचे अर्ज सुरू व्हायच्या आत तसं परिपत्रक काढा. त्याच्या प्रती मी दुकानात फुकट वाटीन.

आपला,
भोसरीतला एक झेरॉक्सवाला