आवाज वडिलांचा, रणगाडे खेमकरणचे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी दाखवलेल्या माहितीपटाचे कौतुक कालच्या अंकात वाचले आणि राहवले नाही. ‘दुर्मीळ चित्रफिती’ हे शब्द त्यात तीनदा आले आहेत. त्या माहितीपटात पटका बांधून बोलणारे आजोबा म्हणजे माझे वडील.

वय 94. सतराव्या वर्षी ते बार्शीच्या हद्दीतल्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेले. चित्रीकरणाला मंडळी घरी आली तेव्हा दोन तास बोलले, मध्ये पाणीसुद्धा घेतले नाही. परवा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. येडशीला बार्शी लाइट रेल्वेत चढलो, डब्यात निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार निघाले, सोबतचा गडी उतरून ज्वारीत पळाला, असे वडील सांगताहेत. पडद्यावर मात्र मोठ्या रुळांवरची गाडी, टपावर माणसेच माणसे. ती फाळणीच्या वेळची! बार्शी लाइट अडीच फुटी रुळांवर चालायची, हे लातूर-धाराशिवकडचे कुणीही सांगेल.

पुढे 13 सप्टेंबर 1948. सोलापूरकडून भारताची फौज आली, नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल हाती आला, हे सांगताना वडिलांचा गळा दाटला आणि नेमके तेव्हाच पडद्यावर पॅटन रणगाडे आले. आपल्या फौजेकडे तेव्हा शर्मन आणि स्टुअर्ट होते. पॅटन पकडले ते 1965 च्या युद्धात, पंजाबातल्या खेमकरणकडे, पाकिस्तानचे. फौजेतून निवृत्त झालेल्या माझ्या मेहुण्यांनी क्षणात ओळखले. वडिलांना पॅटन कळत नाही, बोरी कळते. म्हणाले, “ही बोरी न्हाई. लोकायला वाटंल, म्हातारा खोटं बोलतोय.” त्या रात्री ते जेवले नाहीत.

चित्रफीत नसेल तर नसू द्या. पाच दिवसांच्या कारवाईत गावोगाव कॅमेरा कुठून असणार? बोलणाऱ्याचा चेहरा दाखवा, थरथरता हात दाखवा. नाहीतर नळदुर्गला जाऊन आजची बोरी टिपा, सोलापूरहून तासाभराची वाट आहे. निदान खाली ‘प्रातिनिधिक दृश्य’ एवढे तरी लिहा. मी फोन केला तेव्हा ‘मागे काहीतरी हलतं लागतं’ असे उत्तर मिळाले. माणूस बोलतोय, ते पुरत नाही?

आणि आपल्याच पानावर, त्या लेखाशेजारी नळदुर्गच्या पाणी महालाचे छायाचित्र आहे, खाली छापले आहे ‘परंड्याचा किल्ला’. परंड्याच्या भुईकोटात पाणी महाल कुठला? कृपया दुरुस्ती छापावी. वडील आपले दैनिक रोज भिंग लावून वाचतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, तुळजापूर