बाळ, अर्थिंग केलंस का?

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

गौरी जेवल्या त्या दिवशी तू ताटावरून उठून गेलास, त्याला आज बारा दिवस झाले. फोन तू स्वतःजवळ ठेवला नाहीस, म्हणून पत्र. भांडण उकरून काढायला लिहीत नाही.

काल जुन्या ऑफिसातला मुलगा भेटला. म्हणाला, "काका, वाडीतल्या घराचं कनेक्शन पीडी, म्हणजे कायमचं बंद, करायचा अर्ज आलाय." मी नुसतं हो म्हटलं. आईला अजून सांगितलेलं नाही. त्या मीटरसाठीचा खांब मी स्वतः उभा केला होता, 1988 च्या मे महिन्यात. जांभ्यात खड्डा होईना, पहार बोथट झाली. लाइट आली त्या रात्री माईने बल्बखालच्या भिंतीला हळदकुंकू लावलं. सोलर लावून ते कनेक्शन तू तोडतोयस. तोड, घर तुझं आहे. पण अर्थिंग केलंस का?

सोलर पॅनेलची फ्रेम, पत्रा, इन्व्हर्टर, तिन्हींना जमिनीत उतरणारी वायर हवी. आता परतीचा पाऊस विजा घेऊन येईल. आपला जांभा सुकला की जमीन करंट ओढत नाही. अडीच फूट सळई ठोकून "झालं" म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. खड्डा खोल हवा, कोळसा आणि मिठाचे थर हवेत, उन्हाळाभर पाणी घालायला हवं.

तू म्हणालास, यापुढे कुठल्याही कंपनीला आयुष्यातला एक तासही द्यायचा नाही. त्यावर मी म्हटलं, ते पॅनेल काय आभाळातून पडलं? ते बोलायला नको होतं. माईच्या दहाव्याला तू नदीवर लॅपटॉप उघडून बसला होतास, ते मला दिसत होतं. तेव्हा मी तुझ्यावर रागावलो. तुला तिथेही न सोडणाऱ्यांवर रागवायला हवं होतं.

1999 मधला दाभोळचा बोटीचा धक्का आठवतो? तू पाच वर्षांचा, माझ्या खांद्यावर. खाडीपलीकडे एनरॉन कंपनीचा वीज प्रकल्प नुकताच सुरू झालेला. तू विचारलंस, "बाबा, तिकडे रोज दिवाळी, मग आपला बल्ब लाल का?" मी वीज मंडळाचा माणूस, मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रकल्पाविरुद्ध उभ्या राहिलेल्या वेलदूरच्या बायकांनी पोलिसांचा मार खाल्ला होता, तुरुंग पाहिला होता. दोनच वर्षांत मंडळाने ती महागडी वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला, आणि डिसेंबर 2001 मध्ये अमेरिकेतल्या त्या एनरॉन कंपनीचं दिवाळं निघालं. हे सगळं जेवताना तुला मीच सांगायचो. मग आता तू बंड केलंस तर मी कोणत्या तोंडाने अडवू?

आत्या सांगत होती, लाइट गेली की अर्धी वाडी मोबाइल चार्ज करायला तुझ्या पडवीत येते. आईला मी ते दोनदा सांगितलं. निसर्ग वादळात खांब आडवे झाले तेव्हा तुझी पॅनेलं असती तर, असंही म्हणालो.

फक्त पॅनेलमधून येतो तो डीसी, एकाच दिशेने वाहणारा करंट, हे विसरू नकोस. खांबावरचा एसी दिशा बदलत सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी तुटते. डीसीची तुटत नाही, जळत राहते. घरातला एसीचा एमसीबी, तो आपोआप पडणारा स्विच, तिथे लावू नकोस. आणि ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही, तेव्हा ओल्या हाताने...

पुन्हा शिकवायला लागलो. माफ कर. इंजिनिअर तू आहेस. पण नोकरीत मी तीन माणसं खांबावरून खाली उतरवली, बाळ. तिघांनाही सगळं येत होतं. रात्री वीज कडाडली की मी उठून बसतो, आणि तुझी आई न विचारता पाणी आणून देते.

रविवारी पहिल्या एसटीने येतो. अर्थिंग मोजायचा टेस्टर मागून घेतला आहे. न्हाणीचं पाणी जातं तिथे खड्डा खणायला घे, तिथे ओल टिकते. तोवर आभाळ गरजलं तर इन्व्हर्टरपाशी जाऊ नकोस. आई मेतकूट देते आहे. कनेक्शन अजून आजोबांच्या नावावर आहे, तुझ्या अर्जाला त्यांचा मृत्यूचा दाखला लागेल. तोही आणतो.

तुझा,
बाबा