पल्ल्याबरोबर पाणबुडीच्या आवाजाविषयीही छापा

मा. संपादक,

‘आयएनएस अरिहंत’ आणि २९ ऑगस्ट २०२४ रोजी नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस अरिघात’ या भारतीय अणुपाणबुड्यांवरील बातम्यांत क्षेपणास्त्रांचा पल्ला ठळक अक्षरांत असतो. के-१५चा ७५० किलोमीटर, के-४चा ३,५०० किलोमीटर. पण अशा पाणबुडीचे मोल ती शत्रूला सापडत नाही यात आहे, आणि सापडते ती बहुधा आवाजावरून. तो आवाज कुठून येतो हे सोलापूरकरांना समजावणे अवघड नाही. साखर कारखान्याचे मिल हाऊस पाहिलेला माणूस सहज ओळखेल.

बॉयलरच्या जागी अणुभट्टी. तिच्यातले पाणी सुमारे १५० वातावरण दाबाखाली असते, म्हणून ३०० अंशांच्या आसपासही उकळत नाही. नळ्यांतून ते दुसऱ्या पाण्याला उष्णता देते आणि त्याची वाफ टर्बाइन फिरवते. टर्बाइनच्या फेऱ्या मिनिटाला हजारो. प्रोपेलर मात्र सावकाश फिरवावा लागतो, नाहीतर पात्यांवर बुडबुडे होऊन फुटतात आणि तो कडकडाट दूरवर ऐकू जातो. म्हणून मध्ये गिअरबॉक्स, आणि खरी कसोटी त्याचीच.

समजा पिनियनला, म्हणजे गिअरबॉक्समधल्या लहान दातेरी चाकाला, ४१ दात आहेत आणि तो मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतो. सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे दात २,०५० वेळा भिडतात. दातांच्या आकारात काही मायक्रॉनची चूक राहिली, तरी २,०५० हर्ट्झचा सूर पाण्यात उतरतो आणि शत्रूच्या सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रणेवर, बसलेला माणूस तो गोंगाटातून वेगळा काढतो. म्हणून दात दुहेरी तिरके कापतात, ग्राइंडिंगने नेमके करतात आणि दोन्ही चाकांच्या दातांच्या संख्येत १ सोडून सामाईक विभाजक ठेवत नाहीत. तेच ते दात वारंवार भिडले तर झीज एकाच जागी होते. टर्बाइन आणि गिअरबॉक्स मिळून एका पोलादी चौकटीवर, चौकट रबरी माउंटवर. तेल पडून रबर बिघडले, किंवा दुरुस्तीनंतर एखादा पाना चौकट आणि पाणबुडीचा सांगाडा यांमध्ये अडकून राहिला, की कंपन सरळ सांगाड्यात जाते. सगळी मेहनत पाण्यात.

भट्टी बंद केली की धोका संपला, हा समजही दुरुस्त व्हावा. अरिहंतची भट्टी ८३ मेगावॉटची सांगतात. बंद केल्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के, म्हणजे सुमारे पाच मेगावॉट उष्णता निघतच असते. ४ जुलै १९६१ रोजी सोव्हिएत अणुपाणबुडी ‘के-१९’वर भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याची गळती झाली. राखीव व्यवस्था नव्हती. ती तिथेच जोडायला भट्टीच्या कक्षात उतरलेल्यांपैकी आठ जण किरणोत्साराने महिन्याभरात दगावले.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला. अरिहंत त्याच शहरात बांधली गेली आणि तिच्या गिअरबॉक्सचे काम वालचंदनगरच्या कारखान्याने केले. हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे, आणि त्यांचे हातही त्या कामावर बसायला हवेत. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी कारखान्यांतल्या चालू गिअरबॉक्सवर कंपनमापनाचे प्रात्यक्षिक घ्यावे. बेअरिंगच्या घरावर कंपन टिपणारा ॲक्सिलरोमीटर बसवायचा, दात भिडण्याची वारंवारता आलेखावर शोधायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या सेकंदाच्या फेऱ्यांइतक्या अंतरावर सुळके वाढले का, ते दर आठवड्याला पाहायचे. वाढले तर चाक अक्षापासून सरकले असेल किंवा एखादा दात गेला असेल. हे गाळप सुरू असतानाच जमते, त्यामुळे कारखान्यांची परवानगी आणि उपकरणांची जुळवाजुळव दिवाळीआधी व्हावी.

एक यंत्र अभियंता,
सोलापूर