‘नोंद सापडत नाही’ या उत्तराआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पितृपक्ष जवळ आला की पणजोबांची खरी तिथी कोणती, हा प्रश्न घराघरांत निघतो. जात पडताळणीसाठी आणि वारसाच्या प्रकरणांसाठी तर वर्षभर लोक तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूमबाहेर उभे असतात. बऱ्याच जणांच्या हाती एकच तोंडी उत्तर पडते: नोंद सापडत नाही. प्रत्यक्षात अनेकदा नोंद असते, पण ती चुकीच्या गावात, चुकीच्या वर्षात किंवा चुकीच्या नावाखाली शोधलेली असते. म्हणून थोडे तपशिलात लिहीत आहे.

खेड्यातल्या जुन्या मृत्यूंची नोंद गाव नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘कोतवाल बुका’त मिळते. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरची नोंद ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या निबंधकाकडे आणि त्याआधीची बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात, असे ढोबळमानाने धरून चालावे. अर्जात नुसते ‘मृत्यू दाखला मिळावा’ लिहू नये. ‘गाव नमुना नं. १४, मौजे अमुक, तालुका अमुक, सन अमुक ते अमुक, या पुस्तकांतील मृत्यूच्या नोंदीची साक्षांकित नक्कल’ असे लिहावे.

गाव आणि तालुका त्या काळचा हवा. मालवणची १९२६ सालची नोंद ‘जिल्हा रत्नागिरी’ या नावाखाली असते, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, पालघर २०१४ चा. गाव एका तालुक्यातून दुसऱ्यात गेले असेल, तर जुनी पुस्तके मागेच राहिलेली असू शकतात, तेव्हा दोन्हीकडे विचारावे. भोर, औंध, फलटण, सांगली, सावंतवाडी यांसारख्या संस्थानांतल्या गावांचे कागद वेगळ्याच वाटेने गेलेले असतात. मराठवाड्यातले निजामी अमलातले कागद उर्दूत आणि फसली सनाचे, म्हणजे तिथल्या महसुली वर्षगणनेचे. तिथे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला फसली सनात ५९० आणि त्यापुढच्या महिन्यांना ५९१ मिळवावेत. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८.

मृत्यूची नोंद राहत्या गावी होत नाही, माणूस जिथे वारला तिथे होते. सगळ्यात जास्त शोध इथेच फसतात. मुंबईत गिरणीत काम करणारा माणूस मुंबईतच वारला, तर गावच्या पुस्तकात तो नसणारच. बाईच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली बाई तिथेच वारली, तर नोंद माहेरच्या गावच्या पुस्तकात असते, आणि सासरकडची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच गावची पुस्तके चाळत राहतात. पणजीचे माहेर कोणते, हे आधी विचारून घ्यावे. सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

वर्ष माहीत नसेल तर फेरफारापासून, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीपासून, सुरुवात करावी. जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. त्या क्रमांकाची वारस नोंद काढली की ‘अमुक मयत, वारस अमुक’ असा मजकूर मिळतो, कधी मृत्यूची तारीखही मिळते. पुष्कळ जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आले आहेत. मात्र वारस नोंद कित्येकदा मृत्यूनंतर पाच-दहा वर्षांनी, वाटणीची वेळ आली तेव्हा झालेली असते. फेरफाराचे साल ही शोधाची शेवटची मर्यादा समजावी आणि तिथून मागे जावे.

घरातल्या श्राद्धाच्या तिथीचाही चांगला उपयोग होतो. वर्षश्राद्ध कार्तिक वद्य पंचमीला होत असेल, तर जुन्या पंचांगातून दर वर्षाची एक तारीख निघते. दहा वर्षांच्या टप्प्यात पाहायची पाने दहा-बारावर येतात. पितृपक्षातली नुसती तिथी तेवढी नेमकी नाही, कारण तिच्यातून महिना आणि पक्ष कळत नाही. अविधवा नवमी सवाष्ण गेलेल्या सगळ्याच बायकांची आणि सर्वपित्री अमावास्या सगळ्याच पितरांची, त्यांवरून तर तारीख काढूच नये. काशी-गयेच्या उपाध्यायांच्या वहीतून महिना घेतला असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला कार्तिक वद्य तो त्यांचा मार्गशीर्ष कृष्ण.

आता वाचण्याबद्दल. जुनी पुस्तके बहुधा मोडीत असतात. शिरोरेघ आधी ओढून अक्षरे तिला लटकवलेली, शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आडनाव अनेकदा नसतेच. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘वलद’चाही अर्थ तोच. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे पुढचे नाव नवऱ्याचे. म्हणून आडनावावर शोधू नये, स्वतःचे नाव आणि बापाचे नाव अशी जोडी शोधावी. वय चाळीस, पन्नास, साठ असे ढोबळ लिहिलेले असते. दहा वर्षांच्या फरकामुळे नोंद नाकारू नये. कारणाच्या रकान्यात पटकी म्हणजे कॉलरा. नुसते ‘ताप’ असेल तर त्यातून रोग ठरवता येत नाही, पण १९१८ च्या ऑक्टोबरात ओळीने ताप दिसला तर ती इन्फ्लुएंझाची साथ असण्याचा संभव मोठा. साथीच्या दिवसांत तारीख मृत्यूची की कळवल्याची, हे आजूबाजूच्या नोंदी पाहून ठरवावे.

शोध घेऊनही नोंद मिळाली नाही, तर तोंडी उत्तरावर परत येऊ नये. कोणत्या गावाची, कोणत्या वर्षांची पुस्तके पाहिली आणि कोणती उपलब्धच नाहीत, हे लेखी मागावे. ‘पुस्तकात नोंद नाही’ आणि ‘पुस्तकच नाही’ ही दोन अगदी वेगळी उत्तरे आहेत. पुस्तकच नसेल तर फेरफार, पोलीस पाटलांकडचे कागद, दफनभूमीच्या किंवा चर्चच्या वह्या असे दुसरे मार्ग उरतात.

शासनाकडे एक मागणी आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर लाखो पाने उलगडली गेली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पुष्कळ पाने आलीही. पण हेतू जातीच्या नोंदीचा असल्याने पाने त्या दृष्टीने निवडलेली आहेत. कागदाला वाळवी लागलेली, शाई कागद खात चाललेली. ही पुस्तके वारंवार उलगडण्याच्या स्थितीत नाहीत. एकदा रुमाल, म्हणजे दप्तराचे कापडी गाठोडे, सोडलाच आहे तर नमुना १४ चे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन व्हावे. तेवढे होईपर्यंत प्रत्येक तहसीलने निदान एक यादी लावावी: गाव, आणि त्यापुढे उपलब्ध पुस्तकांची वर्षे.

– एक मोडी वाचक, सातारा