नाताळच्या मैफलीत ओवी कुठे होती?

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात गोव्यात, सासष्टीतल्या एका जुन्या चर्चमध्ये नाताळची मैफल ऐकली. पहिल्या भागात चारशे वर्षांपूर्वीचं युरोपीय चर्चसंगीत, दुसऱ्यात कोकणी लोकगीतं. चर्च खचाखच भरलं होतं, आम्ही फोंड्याहून गेलेले चौघे शेवटपर्यंत मागे उभेच होतो.

व्हिक्टोरिया या स्पॅनिश रचनाकाराची १५७२ सालची लॅटिन रचना गायकवृंदाने वाद्यांशिवाय म्हटली. गव्हाणीत निजलेलं बाळ गोठ्यातल्या मुक्या जनावरांना पाहायला मिळालं, हे केवढं नवल, असा तिचा आशय. एक आवाज ओळ उचलतो, दुसरा मागून येऊन तीच धरतो. दगडी भिंती, उंच छत, आणि माइक नाही. अंगावर काटा आला.

मध्यंतरात बाजूच्या दारापाशी घुमटवाला मेणबत्तीवर घुमटाचं, म्हणजे मडक्याच्या तालवाद्याचं, कातडं शेकत बसला होता. दंव पडलं की कातडं सैलावतं. मडकं हळूहळू फिरवायचं, टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा फिरवायचं. पूर्वी घोरपडीचं कातडं असे, ती आता संरक्षित असल्याने बकरीचं लावतात. गणेशचवथीला आमच्या आरतीत शामेळ ढोल आणि कासाळे झांजांबरोबर घुमतं तेच हे वाद्य! दुलपदांना, म्हणजे द्रुत लयीतल्या कोकणी गाण्यांना, त्याने अशी काही साथ दिली की पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या पायाने ताल धरू लागल्या. (पत्रकात मांडो या कोकणी गीतप्रकाराला ‘प्राचीन’ म्हटलं होतं. मांडो एकोणिसाव्या शतकातला, पण ते असो.)

माझी तक्रार वेगळीच आहे. लॅटिन झालं, पोर्तुगीज झालं, कोकणी झालं. मराठीची एक ओळ नाही. आणि हे राशोलच्या सासष्टीत! फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, म्हणजे व्हिक्टोरियाची ती रचना तेव्हा सात वर्षांची होती. त्याचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली इथल्याच राशोलला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, ‘दुसऱ्या पुराणा’त येशूजन्माची सगळी कथा. चर्चमध्ये लोकांसमोर म्हटलं जाणारं पुराण होतं ते. मराठी दिनाच्या भाषणात त्यातलं मराठीच्या थोरवीचं ‘हरळांमाजी रत्नकिळा’ सगळेच म्हणतात, पुढे कोणी पान उलटत नाही, त्यात आम्ही मराठीवालेही आलो. तेव्हा सगळा दोष आयोजकांच्या माथी मारत नाही.

कार्यक्रमानंतर एका आयोजकांना विचारलं, तर ‘त्याला चाल कुठे आहे?’ म्हणाले. अहो, ओवीला चाल शोधत बसावं लागत नाही. श्रावणात घरोघरी पोथी वाचतात तशी एकाने म्हणावी, चौथ्या चरणाला बाकीच्यांनी सूर धरावा. वृंदातल्या मुलांनी लॅटिन पाठ केलं, त्यांना ही मराठी जड जाणार नाही. आणि पत्रकात लॅटिनचा अर्थ फक्त इंग्रजीत होता. शेजारच्या आजींनी तो माझ्याकडून कानात सांगून घेतला. पुढच्या वर्षी तो देवनागरीतही छापावा.

जन्मकथेच्या दहा-बारा ओव्या निवडून, मोठ्या अक्षरांत उतरवून द्यायला मी तयार आहे. देवनागरी प्रत घरी आहे. तालमी सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरातच कळवावं, एवढंच.

— एक वाचक, फोंडा