केळ म्हणजे झाड नव्हे

रविवारच्या पुरवणीतील ‘माहीत आहे का?’ सदरात केळीला ‘झपाट्याने वाढणारे झाड’ म्हटले आहे. केळ हे झाड नाहीच. तिच्यात लाकूड नसते. ज्याला आपण खोड म्हणतो, तो पानांच्या बुंध्यांचा एकात एक बसलेला घट्ट गुंडाळा. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. वरच्या एका खोडाला घड एकदाच लागतो. तो कापला की बाग कंदाला फुटलेल्या पिलांवर, म्हणजे नव्या कोंबांवर, पुढे चालते. रावेर-यावलकडच्या पोरासोरांनाही हे ठाऊक असते, सदरलेखकांना नसावे! गंमतच छापायची तर ही छापा : वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी केळे आणि भरताचे वांगे दोन्ही मृदुफळेच, म्हणजे गरदार ‘बेरी’. जळगावच्या या दोघांनाही २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव