मुक्ताला, गेल्यानंतर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. रविवारी एअरपोर्टला जाताना गाडीत मी जे बोलले ते बोलायला नको होतं, बाबा अजून माझ्याशी तुटकच बोलतायत. व्हायोलिनसाठी नोकरी सोडलीस ती विचार करूनच सोडली असशील, म्हणून नोकरीबरोबर गेलेल्या आजारपणाच्या इन्शुरन्सचा विषय आता काढायचा नाही असं मी ठरवलंय.

काल तुझी खोली आवरताना स्टायलिस्टिक्सची, त्या फिलाडेल्फियाच्या गाणाऱ्या ग्रुपची, जुनी रेकॉर्ड सापडली. १९७४ साली मी फिलाडेल्फियाजवळ अप्पर डार्बीच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर एकटी असायचे, सोबतीला फक्त रेडिओ. एकदा कांदा चिरता चिरता अचानक सतार ऐकू आली, फिलाडेल्फियात सतार! सुरी हातात तशीच धरून मी रेडिओपाशी जाऊन उभी राहिले. ती खरी सतार नव्हती, इलेक्ट्रिक सतार होती, म्हणजे गिटारच पण घोडी अशी की तारा झणझणतात, हे पुष्कळ नंतर कळलं. मग मागून व्हायोलिनं आली आणि मला रडूच फुटलं, कारण अण्णामामा असाच ताडदेवला फिल्म सेंटर स्टुडिओमध्ये गोव्याच्या वादकांच्या रांगेत बसून वाजवायचा.

आणि हे सगळं रेकॉर्ड व्हायचं कुठे, तर फिलाडेल्फियात १२व्या रस्त्यावर सिग्मा साउंड स्टुडिओमध्ये, आमच्या घरापासून ट्रेननं अर्धा तास. आधी अर्ल यंगचा ड्रम, रॉनी बेकरचा बेस, नॉर्मन हॅरिसची गिटार. ब्रास नि व्हायोलिनं त्यावर नंतर चढवायची. अर्ल यंगची ती हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या जोडझांजेची, सारखी चिसचिस ऐक, पुढे अख्खं डिस्को त्यावर उभं राहिलं. त्याच मंडळींचा बँड एमएफएसबी, १९७४ मध्ये त्यांचं टीएसओपी हे गाणं अमेरिकेत एक नंबरला होतं, पण गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना वाजवणाऱ्यांची नावं माहीत होती? व्हायोलिनवाल्यांमध्ये डॉन रेनाल्डोचं नाव तरी कव्हरवर दिसायचं, त्याच्यामागे बसलेल्यांचं काय? पुढे पैशांवरून बिनसलं आणि त्यातले बरेचजण न्यूयॉर्कच्या कंपनीसाठी वाजवायला लागले. सेशनचे पैसे हातात पडले की संपलं गं, आजारपणात कोण विचारतं, अण्णामामाचं शेवटी काय झालं ते तू पाहिलंयस, आणि तुझं डावं मनगट दिवाळीपासून दुखतंय, डॉक्टरनी एमआरआय सांगितलाय, तो काय असाच करणार आहेस?

बघ, परत तिथेच आले. सॉरी.

खरं सांगू? मागच्या वर्षी तुझं ते रेकॉर्डिंग आलं तेव्हा शेवटाकडे व्हायोलिनं वर चढतात ना, त्यात तुझी गज फिरवायची ढब मी ओळखली. बाबा म्हणाले बारा जणांत कसं कळणार. मला कळलं. तू सूर सोडताना किंचित थांबतेस, लहानपणी बाईंनी ओरडून ओरडून सुद्धा ती सवय गेली नाही, बरं झालं गेली नाही. मी ते फोनवर लावून कुमुदमावशीला दोनदा ऐकवलं, भाजी करपली.

रेकॉर्ड नीट गुंडाळून पाठवतेय, उन्हात ठेवू नकोस. मेथीचे लाडू बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत, मनगटासाठी रोज एक खा. आणि नोकरीचं कव्हर संपल्यापासून ६० दिवसांत फॉर्म भरावा लागतो असं बाबांनी बघून ठेवलंय, लिंक त्यांनीच पाठवलीय, मी नाही. आज १९वा दिवस आहे.

तुझी,
आई